मालवणच्या डाइव्ह शॉपला कुठलं सॉफ्टवेअर?

डाइव्ह शॉप चालवण्यासाठी बाजारात जी नावाजलेली सॉफ्टवेअरं मिळतात, ती कुठल्या ना कुठल्या परदेशी दुकानाची गरज म्हणून जन्मली आहेत. त्या दुकानाच्या सवयी त्यांच्यात मुरलेल्या असतात. सुविधांचा तक्ता वाचून हे कळत नाही. बुकिंग, बिलिंग, भाड्याचं सामान, कोर्स, अहवाल अशा सगळ्यांपुढे सगळ्यांनी बरोबरची खूण केलेली असते. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच, की हे मुळात कोणासाठी लिहिलं गेलं?

अमेरिकेतलं डाइव्ह शॉप हे आधी दुकान असतं. मास्क, फिन्स, वेटसूट, रेग्युलेटर विकणं हा त्याचा पाया. समुद्र शेकडो मैल लांब असला तरी ते चालतं, कारण शिकवणी स्विमिंग पुलात आणि एखाद्या तळ्यात होते. डाइव्ह शॉप ३६० सारख्या अमेरिकी प्रणालीचा कणा त्यामुळे गल्ला आणि साठा हाच आहे: बारकोड, मालाची मागणी, दुरुस्तीला आलेल्या रेग्युलेटरची पावती. ब्रिटनमधलं ईव्ह हे नाव त्याहून जुनं. दुकानातल्या विंडोज संगणकावर चालणारं, गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षांची कुंडली जपणारं. तीच तीच माणसं दर वर्षी येत असतील, क्लबसारखं वातावरण असेल, तर अशा कुंडलीला अर्थ आहे.

दुसरं घराणं आग्नेय आशियातल्या रिसॉर्टचं. पाहुणा चार-पाच दिवस मुक्कामाला असतो, कोर्स करतो किंवा रोज दोन-तीन डाइव्ह मारतो आणि निघताना एकदम बिल चुकवतो. डाइव्हॲडमिनसारखी ऑनलाइन प्रणाली या वळणाची आहे. कोण कुठल्या बोटीवर, कोणाचा इन्स्ट्रक्टर कोण, कोणाच्या अंगाला कुठल्या मापाचा सूट, हे ती नीट सांभाळते. फ्रान्सकडचं ब्लूवॉच सर्फिंग आणि डायव्हिंगच्या शाळांसाठी आहे, तेही साधारण याच वाटेचं. तिसऱ्या गटाला डायव्हिंगशी खास देणंघेणं नाही. कॅनडाचं चेकफ्रंट, ऑस्ट्रेलियाचं रेझडी, २०१८ मध्ये बुकिंग होल्डिंग्जने विकत घेतलेलं फेअरहार्बर, ही सगळी जागा विकणारी यंत्रं आहेत. झिपलाइन असो, कयाक असो की स्कुबा, त्यांच्या लेखी अकराच्या फेरीत आठ जागा आणि त्यातल्या तीन गेल्या, एवढंच.

मालवणचं दुकान यांतल्या कशातच सरळ बसत नाही. इथलं बहुतेक गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली जाणारं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेलं, अनेकदा पोहता न येणारं, पण व्हिडिओ मात्र हवाच असणारं. ते वेबसाइटवरून क्वचितच येतं. होमस्टेच्या मालकाने पाठवलेलं असतं, नाहीतर किनाऱ्यावरच्या एजंटाने. प्रत्येकाचं कमिशन निराळं, हिशेब आठवड्याने किंवा सीझन संपल्यावर. सामान विक्री जवळपास नाही. कोर्स करणारे थोडे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था असल्यामुळे ते वळण इथे रुजलं आहे खरं, पण दुकानाची चूल पेटते ती ट्राय डाइव्हवर, म्हणजे नवख्या माणसाच्या पहिल्या बुडीवर. आणि मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत पाणी बंद.

अशा दुकानदाराने पहिल्यांदा मागितलेली गोष्ट ठरलेली असते: ‘बुकिंगचं काहीतरी द्या.’ माझ्या मते इथेच निवड चुकते. बुकिंगचा गोंधळ डोळ्यांना दिसतो म्हणून तो मोठा वाटतो. पण वही, फोन आणि व्हॉट्सॲपवर बुकिंग बऱ्यापैकी चालतं. चुकलंच तर एखादं कुटुंब तासभर खोळंबतं, दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. ज्या कागदाची चूक खरी महागात पडते तो दुसराच आहे. गिऱ्हाईक बोटीत चढण्याआधी घाईघाईने सही करतं तो.

वैद्यकीय प्रश्नावलीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सॉफ्टवेअरचे पैसे खरे इथे वसूल होतात. प्रशिक्षण संस्था जगभर वापरतात ती डायव्हरची प्रश्नावली २०२० मध्ये नव्याने बांधली गेली. पहिल्या पानावर दहा प्रश्न. सगळ्यांना ‘नाही’ आलं तर सही करून मोकळं. काही प्रश्नांना ‘हो’ आलं तर दुसऱ्या पानावरची ठरावीक चौकट भरायची. उदाहरणार्थ, वय ४५ च्या वर असणं हा स्वतः अडथळा नाही. त्यातून धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घरातला हृदयविकार असे पुढचे प्रश्न उघडतात आणि त्यांत ‘हो’ आलं तरच डॉक्टरकडे जावं लागतं. याउलट तिसरा, पाचवा आणि दहावा प्रश्न थेट डॉक्टरकडे पाठवतात. तिसरा दमसासाचा, पाचवा गेल्या वर्षभरातल्या शस्त्रक्रियेचा. दहावा विचारतो की डॉक्टरांनी लिहून दिलेली काही औषधं चालू आहेत का. गर्भनिरोधक आणि मलेरियाच्या काही गोळ्या वगळून.

पन्नाशीचे काका दहाव्या प्रश्नाला काय उत्तर देतील, हे वेगळं सांगायला नको. बीपीची गोळी रोज चालू आहे, पण ते ‘हो’ म्हणणार नाहीत, कारण बोट लागलेली आहे, नातवंडं तयार आहेत, पैसे भरलेत आणि मागे वीस माणसं उभी आहेत. गाइडही आग्रह धरणार नाही. खोटेपणापेक्षा घाईचा दोष यात जास्त आहे. तोच फॉर्म आदल्या संध्याकाळी होमस्टेच्या व्हरांड्यात फोनवर आला, मराठीत आला आणि ‘हो’ म्हटल्यावर ‘मालवणात डॉक्टरांना दाखवून या, वेळ आहे’ असं उत्तर मिळालं, तर चित्र पालटतं. म्हणजे सॉफ्टवेअरकडून हवी असलेली गोष्ट अगदी साधी: बुकिंग होताच फॉर्मची लिंक जावी, उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न आपोआप उघडावेत आणि ‘हो’ असलेलं नाव सकाळच्या यादीत लाल दिसावं. अमेरिकेतली स्मार्टवेव्हरसारखी निव्वळ सहीची सेवाही यातलं बरंच करते. त्यासाठी अख्खी प्रणाली घ्यावीच असं नाही. अगदी साध्या ऑनलाइन फॉर्ममध्येही उत्तरानुसार पुढचा भाग उघडण्याची सोय असते, फक्त सहीची बाजू तिथे लंगडी पडते. एक पथ्य मात्र पाळायचं: प्रश्नांचं मराठी भाषांतर घरी बसून करायचं नाही. आपली प्रशिक्षण संस्था मान्य करील तीच भाषा वापरायची, कारण उद्या प्रश्न उभा राहिला तर एकेका शब्दाचा कीस पाडला जातो.

याच फॉर्ममध्ये आणखी एक रकाना घालून घ्यावा, परतीच्या विमानाची तारीख आणि वेळ. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. पूर्वी मालवणला आलेला माणूस रेल्वेने नाहीतर गाडीने परत जायचा, त्यामुळे हा प्रश्न कोणी विचारत नसे. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ च्या जानेवारीत गोव्यातल्या मोपाहून उड्डाणं सुरू झाली. सकाळी पाण्यात आणि दुपारी विमानात, हे आता सहज घडू शकतं.

फॉर्म ऑनलाइन झाला की दुसरी जबाबदारी गळ्यात येते. लोकांच्या आजारांची माहिती तुमच्या खात्यात साठते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट आहे, आणि दहा वर्षांपासूनची मुलं तर डाइव्हला येतातच. तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: माहिती कुठे साठते, ती कोणाकोणाला दिसते, किती काळाने पुसता येते. दुकानातल्या सहा जणांचा पासवर्ड एकच असेल तर पुढचं बोलणंच नको.

आता सामान. इथे मालवणचं गणित परदेशी सॉफ्टवेअरला चकवतं. रेग्युलेटरची सर्व्हिस कधी करायची ते निर्माते सांगतात. साधारणपणे एक-दोन वर्षांनी किंवा सुमारे १०० डाइव्हनंतर, जे आधी होईल ते. हौशी डायव्हरच्या आणि भाड्याने देणाऱ्या साध्या दुकानाच्या बाबतीत तारीख आधी येते, म्हणून बहुतेक प्रणाली तारखेची आठवण देतात. पण ट्राय डाइव्हच्या दुकानात एक सेट दिवसाला चार वेळा पाण्यात उतरला तर २५ दिवसांत शंभरी गाठतो. बुडी वीस मिनिटांची असली तरी मुखात धरणारा माणूस नवखा असतो. तो ते चावतो, ओढतो, वाळूत टाकतो. तारखेवर चालणारी आठवण इथे निरुपयोगी. सेटचा क्रमांक बोटीच्या यादीला जोडता येतो का आणि बुड्या आपोआप मोजल्या जातात का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावं. जमत नसेल तर मोठ्या प्रणालीपेक्षा एक्सेलची वही बरी. रोज संध्याकाळी कोणीतरी आकडा भरायचा, एवढंच.

सिलिंडरचं तसं नाही. ११ लिटरच्या आसपासची, २०० बारपर्यंत भरली जाणारी ती टाकी तारखेवरच चालते: दर वर्षी आतून-बाहेरून तपासणी आणि ठरलेल्या मुदतीत दाबाची चाचणी. आपल्याकडे २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि ते राबवणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपूरला. प्रत्येक टाकीचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि प्रमाणपत्राचा फोटो एका जागी असला की काम झालं. कॉम्प्रेसरसाठी तासांची नोंद हवी, कारण फिल्टर तासांवर बदलतात आणि कोकणातल्या दमट उकाड्यात ते पुस्तकात लिहिलेल्या तासांच्या आधीच संपतात. हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर स्वतःहून धरणार नाही. मर्यादा आपण कमी करून लिहायची.

बोटीची यादी आणि बुकिंग यांबद्दल आधीच म्हटलं, ते वाटतं तितकं अवघड नाही. तरी दोन ठिकाणी यंत्राची मदत होते. एक म्हणजे माणसांचं प्रमाण. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या ट्राय डाइव्हमध्ये खुल्या पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण आणि १२ मीटरपर्यंतच, अशी मर्यादा आहे. मालवणात बहुधा एकाला एक असं धरूनच नेतात, त्यामुळे इथे खरा प्रश्न असा की आज किती गाइड हजर आहेत आणि त्यांतल्या कोणाच्या किती बुड्या झाल्या. ज्या यंत्रात फक्त बोटीच्या जागा मोजल्या जातात, ते सहा गाइड असताना वीस जागा बिनधास्त विकून टाकतं. फेअरहार्बरच्या वर्गातलं काही घेणार असाल तर जागा बोटीला न बांधता गाइडला बांधा; बहुतेकांत ती सोय असते, पण शोधावी लागते.

दुसरी मदत बोट रद्द होते तेव्हा. वारा फिरला, पाणी गढूळ झालं, बंदरातून परवानगी मिळाली नाही की चाळीस माणसांना एकदम कळवायचं, कोणाला उद्याची वेळ द्यायची, कोणाचे पैसे परत करायचे, कोणत्या एजंटाचं कमिशन फिरवायचं. परदेशी प्रणाली हे ईमेलने करतात. आपल्याकडे ईमेल कोण बघतो? २०१८ पासून मिळणाऱ्या व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं आणि तयार संदेश या कामी जास्त उपयोगी पडतात, आणि त्यांना पैसे पडत नाहीत. एजंटांचंही तेच. रेझडीत एजंटाने स्वतः लॉगिन करून जागा घ्यावी अशी छान व्यवस्था आहे. देवबागचा होमस्टेवाला मात्र फोनच करणार. त्याच्या नावाने नोंद आपल्याच माणसाने करायची असेल, तर महिन्याअखेर एजंटवार हिशेब एका टिचकीत निघतो की नाही, तेवढं पाहावं.

जाता जाता एक गोष्ट. इथल्या पॅकेजमध्ये फोटो आणि व्हिडिओ असतात, आणि सीझनमध्ये दुकानातला एक मुलगा संध्याकाळभर हेच काम करतो: कुठली क्लिप कोणाची ते ओळखणं आणि पाठवणं. डाइव्हची एकही नामांकित प्रणाली या कामाभोवती बांधलेली नाही. गिऱ्हाइकाची तक्रार मात्र सगळ्यात जास्त याचीच येते.

पैशाकडे वळू. परदेशी बुकिंग प्रणालींची पैसे घेण्याची व्यवस्था बहुधा स्ट्राइप किंवा पेपालवर उभी असते. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. स्ट्राइप २०२४ पासून भारतात नवे व्यापारी फक्त निमंत्रणाने घेतं. म्हणजे ज्या सुविधेसाठी महिन्याचं भाडं द्यायचं, तीच इथे बंद असण्याची शक्यता. गिऱ्हाईक तर यूपीआयने ॲडव्हान्स पाठवून मोकळं होतं. तेव्हा पहिला प्रश्न हा, की रेझरपेसारखी भारतीय सेवा जोडता येते का. नसेल तर यूपीआयचा जमा आकडा हाताने भरावा लागेल, आणि जिथे हाताने भरायचं तिथे डिसेंबरमध्ये भरायचं राहून जातं.

भाडं डॉलरमध्ये असतं, त्याचेही फाटे आहेत. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेवर रिझर्व्ह बँकेचे नियम २०२१ पासून कडक झाले, त्यामुळे हप्ता अधूनमधून अडकतो आणि ऐन शनिवारी खातं गोठतं. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानाला परदेशी सेवेवरचा कर स्वतः भरून मग वजावट घ्यावी लागते; हिशेबनिसाला आधी सांगून ठेवावं. आणि वर्षाचं एकदम भरलं तर सवलत मिळते हे खरं, पण आपल्या वर्षातले तीन महिने पाणीच बंद. पावसाळ्यात खातं गोठवून ठेवता येतं का, ते विचारलंच पाहिजे. बुकिंगमागे शुल्क घेणारी प्रणाली या दृष्टीने सोयीची दिसते, कारण धंदा नाही तर शुल्क नाही. पण ते शुल्क गिऱ्हाइकाच्या बिलावर चढतं, आणि शेजारच्या दुकानापेक्षा शंभर रुपये जास्त म्हटलं की मालवणात माणूस शेजारी जातो.

हिशेबाचं सॉफ्टवेअर वेगळं आणि भारतीयच ठेवावं, याबद्दल मला शंका नाही. टॅली, झोहो बुक्स किंवा मोबाइलवरचं व्यापार, यांतलं जे तुमच्या हिशेबनिसाला येतं ते. जीएसटीची बिलं, एजंटांचं कमिशन, गाइडांचे पगार हे परदेशी डाइव्ह प्रणालीत कोंबायच्या भानगडीत पडू नये.

नेटवर्कची अडचण मालवण गावात फारशी उरली नाही, पण किनाऱ्यावर आणि बोटीवर ती असते. या बाबतीत अंदमानचा अनुभव बोलका आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्राखालची केबल सुरू होईपर्यंत तिथलं सगळं इंटरनेट उपग्रहावर होतं, आणि ऑनलाइन प्रणाली घ्या असं स्वराजद्वीपच्या डाइव्ह सेंटरला सांगणं ही थट्टाच ठरली असती. केबलनंतर चित्र बदललं. तरीही सकाळची यादी छापून बोटीवर न्यायची पद्धत सोडू नये. कोण पाण्यात गेलं आणि कोण वर आलं याची खूण ओल्या हाताने पाटीवरच करायची असते, फोनवर नाही.

राहिल्या प्रशिक्षण संस्थांच्या स्वतःच्या प्रणाली. एसएसआयच्या केंद्रांना मायएसएसआय मिळतं: विद्यार्थ्याची नोंदणी, ऑनलाइन अभ्यास, कार्ड, लॉगबुक सगळं त्यात. पॅडीचंही प्रमाणपत्रांचं काम त्यांच्या संकेतस्थळावरूनच होतं. कोर्सच्या नोंदींसाठी हे वापरावंच लागतं आणि छोट्या दुकानाला बहुधा पुरतं. पण त्यातला विद्यार्थी तुमच्याइतकाच संस्थेचा असतो. उद्या संस्था बदलली तर जुनी यादी हाताशी असावी म्हणून नावं, फोन आणि कोर्सच्या तारखा आपल्याकडे वेगळ्या ठेवाव्यात. हाच नियम विकत घेतलेल्या प्रणालीलाही. करार करण्याआधी विक्रेत्यासमोरच सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून बघायची. नुसत्या ‘हो, येते’वर विश्वास नको, फाइल उघडून बघायची, फॉर्मवरच्या सह्या आणि सामानाचा इतिहास त्यात नसतो असं बऱ्याचदा तेव्हाच कळतं.

एवढं सगळं धरून मी कोणाला काय सुचवीन? दोन बोटी, सहा-आठ गाइड, ट्राय डाइव्ह हाच धंदा असलेल्या दुकानाला डाइव्हची पूर्ण प्रणाली नको. फोनवर भरायचा वैद्यकीय फॉर्म, सगळ्यांना दिसणारं एक ऑनलाइन कॅलेंडर, सामानाचं एक्सेल, व्हॉट्सॲप बिझनेस आणि हिशेबाचं भारतीय सॉफ्टवेअर, बस्स. यातला फक्त फॉर्म पैसे देऊन घ्यावा. गोव्यातून ग्रँड आयलंडला किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणीला प्रमाणित डायव्हर नेणारं, वर्षभर कोर्स चालवणारं केंद्र असेल, तर डाइव्हॲडमिनच्या वळणाची प्रणाली खरोखर काम वाचवते. तिथे माणूस चार दिवस राहतो आणि त्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा लागतात. सामान विकणारं दुकान मुंबई-पुण्यात असेल तर गल्ल्यापासून सुरुवात करावी, डाइव्हचा भाग नंतर.

आणि चाचणी ऑगस्टमध्ये घ्यावी, पाणी बंद असताना. विक्रेता दाखवतो त्या नमुन्याच्या माहितीवर नाही. गेल्या डिसेंबरमधला सगळ्यात गर्दीचा शनिवार वहीतून काढायचा आणि जसाच्या तसा भरायचा: सहा एजंट, दोन रद्द झालेल्या फेऱ्या, न आलेलं कुटुंब, अर्धे पैसे रोख आणि अर्धे यूपीआयने देणारा गट, अस्थमा आहे असं बोटीवर चढल्यावर सांगणारी मुलगी. भरायला मालकाने बसू नये. सीझनमध्ये ज्या पोराच्या हातात तो फोन असणार आहे, त्याला बसवावं.